थेरपीचं नाव पुरे, परिणाम दाखवा

मानसोपचार घ्यायचं ठरवलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो पद्धतीचा. सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी) घ्यावी की मनोविश्लेषण, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) चांगलं की माइंडफुलनेस? थेरपिस्टही आपल्या नावापुढे पद्धतींची यादी लावतात, आणि त्या शिकवणाऱ्या कार्यशाळांना वर्षभर मागणी असते. गेल्या सत्तर वर्षांतलं संशोधन वाचलं की लक्षात येतं, हा प्रश्न बहुतेक वेळा भलत्याच जागी जोर लावतो. नैराश्य आणि चिंता यांसारख्या नेहमीच्या त्रासांत नीट रचलेल्या दोन पद्धतींमधला फरक लहान असतो. एकाच पद्धतीने काम करणाऱ्या दोन थेरपिस्टांमधला फरक बहुधा त्याहून मोठा निघतो. आणि समोरचा माणूस खरोखर सुधारतोय का, हे उपचार चालू असताना फार थोड्या ठिकाणी मोजलं जातं. माझं म्हणणं या तिसऱ्या गोष्टीबद्दल आहे. दर सेशनला परिणाम मोजणं थेरपिस्टच्या मर्जीवर सोडता कामा नये. हे मोजमाप उपचाराचाच भाग आहे, आणि ते मागण्याचा हक्क उपचार घेणाऱ्याला आहे.

आधी मूळ शंका. बोलण्याने आजार बरा होतो का? १९५२ साली मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी तेव्हा उपलब्ध असलेले आकडे मांडून दावा केला की न्यूरोसिसचे (चिंता, नैराश्य यांसारख्या त्रासांना तेव्हा वापरलं जाणारं नाव) सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत थेरपीशिवायही सुधारतात. तेव्हा थेरपीने काही साधतं याला पुरावा नाही. त्यांच्या हिशेबात पुष्कळ दोष होते, पण त्या लेखामुळे या क्षेत्राला पुराव्याची भाषा बोलावी लागली. १९७७ साली मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ नियंत्रित अभ्यास एकत्र करून उत्तर दिलं: थेरपी घेतलेला सरासरी माणूस थेरपी न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो. मेटा-अॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून निष्कर्ष काढणं, या तंत्राचा हा सुरुवातीचा मोठा वापर होता.

हा आकडा पुढे फार मिरवला गेला, पण तो थोडा उतरवून घ्यावा लागतो. पुष्कळ चाचण्यांमध्ये थेरपीची तुलना 'प्रतीक्षायादी'शी होते. उपचाराची वाट बघत ठेवलेला माणूस स्वतःहून काही करायचं थांबतो आणि त्यामुळे थेरपी आहे त्याहून प्रभावी दिसते. शिवाय निराशाजनक निकाल छापलेच जात नाहीत. २०१५ साली एलेन ड्रीसेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पैसा पुरवलेल्या, नैराश्यावरच्या थेरपीच्या ५५ चाचण्यांचा माग काढला. त्यांपैकी १३ चाचण्यांचे निकाल कुठेच प्रसिद्ध झाले नव्हते. ते मिळवून हिशेबात धरल्यावर थेरपीचा परिणाम सुमारे २५ टक्क्यांनी घटला. घटला, पण शून्य झाला नाही.

उरलेलं चित्र असं आहे. पिम कायपर्स यांच्या गटाने २०२१ साली नैराश्यावरच्या दोनशेहून अधिक चाचण्या तपासल्या. साधारण दोन महिन्यांनंतर थेरपी घेतलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली होती. नेहमीची वैद्यकीय काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. दुपटीहून जास्त फरक आहे, आणि तो खरा आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही वाचायला हवी: शंभरातल्या ५९ जणांना दोन महिन्यांत एवढा फायदा झाला नाही. त्यांतले काही पुढे सुधारतात. पण थेरपी घेणाऱ्यांत साधारण ५ ते १० टक्के लोक उपचारादरम्यान आणखी बिघडतात, असंही अभ्यासांत वारंवार आढळलं आहे. हे लोक वेळेवर ओळखता येतात का, हा माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा व्यावहारिक प्रश्न आहे.

ज्यांना फायदा होतो त्यांना तो कशामुळे होतो? सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच सुचवलं होतं की वेगवेगळ्या पद्धतींच्या यशामागे काही समान घटक असावेत. त्यांतला सर्वाधिक अभ्यासलेला घटक म्हणजे थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातलं कामाचं नातं. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली त्याचे तीन भाग सांगितले: काय साधायचं यावर एकमत, ते साधण्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि परस्परांबद्दलचा विश्वास. २०१८ साली क्रिस्टोफ फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यास आणि तीस हजारांहून अधिक क्लायंट यांची माहिती एकत्र केली, तेव्हा हे नातं आणि अंतिम परिणाम यांच्यातला सहसंबंध ०.२८ च्या आसपास निघाला. म्हणजे निकालांतल्या फरकाचा सुमारे ८ टक्के भाग या नात्याशी जोडलेला दिसतो. ८ टक्के ऐकायला थोडं वाटतं, पण थेरपीत इतकं सातत्याने सापडलेलं दुसरं सूत्र मिळणं कठीण.

बॉर्डिनच्या तीन भागांतले दोन भाग एकमताचे आहेत, हे सहज नजरेतून सुटतं. 'थेरपिस्ट खूप छान आहेत, बोलून बरं वाटतं' एवढ्याने नातं पुरं होत नाही. दोघांना ध्येय ठाऊक नसेल, किंवा दिलेला गृहपाठ क्लायंटला पटलेलाच नसेल, तर जिव्हाळा असूनही काम पुढे सरकत नाही. समजा, नैराश्यात असलेल्या बाईंना रोजच्या हालचालींची नोंद करायला सांगितली. त्या म्हणतात, 'हो, करते', आणि पुढच्या दोन्ही सेशनला वही कोरी. इथे नवखा किंवा घाईतला थेरपिस्ट नोंदीचं महत्त्व पुन्हा समजावतो. बाई मान डोलावतात आणि तिसऱ्या वेळेला येत नाहीत. जाणता थेरपिस्ट इथे थांबतो. 'मागच्या वेळी हे काम मीच घाईने ठरवलं, असं मला वाटतंय. तुम्हाला ते पटलं होतं का? नसेल पटलं तर मोकळेपणी सांगा, आपण दुसरं काही बघू.' बाई कदाचित म्हणतील, 'दिवसभरात मी काहीच करत नाही, हेच त्या वहीत दिसणार. ते बघवत नाही मला.' उपचाराला लागणारी माहिती या वाक्यात मिळाली, समजावून सांगून ती कधी मिळाली नसती. नात्यात पडलेली चीर अशी ओळखून सांधली की निकाल सुधारतो, हे जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरान यांच्यापासून सुरू झालेल्या संशोधनात दिसलं आहे. म्हणून चीर पडली याची फार धास्ती घेऊ नये. ती दिसली नाही तरच उपचाराचं नुकसान होतं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आधी बरं वाटू लागलं म्हणून नातं चांगलं वाटत असेल तर? कारण कुठलं आणि परिणाम कुठला? आक्षेपात तथ्य आहे. सुरुवातीला झालेल्या सुधारणेमुळे नातं घट्ट होतं, हे अभ्यासांत दिसतं. पण ती सुधारणा हिशेबातून वजा केल्यावरही नात्याचा काही प्रभाव उरतो. स्कॉट बाल्डविन यांच्या गटाने २००७ साली आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच थेरपिस्टच्या क्लायंटांमध्ये कुणाचं नातं जास्त जुळलं, यावरून निकाल फारसा सांगता येत नव्हता. कुठला थेरपिस्ट एकंदरीतच बहुतेकांशी नातं जुळवतो, यावरून मात्र सांगता येत होता. म्हणजे हे कौशल्य थेरपिस्टचं आहे. 'क्लायंटच सहकार्य करत नाही' ही तक्रार मग तेवढी टिकत नाही.

थेरपिस्टागणिक निकाल बदलतो, हे शब्दांत सगळेच मान्य करतात. किती बदलतो, हे बघितलं की अस्वस्थ व्हायला होतं. डेव्हिड सॅक्सन आणि मायकेल बार्कम यांनी २०१२ साली इंग्लंडमधल्या ११९ थेरपिस्टांचे १०,७८६ रुग्ण अभ्यासले. निकालांतल्या फरकाचा ६.६ टक्के भाग 'कोणाकडे गेलात' याच्याशी जोडलेला होता, आणि रुग्णाचा त्रास जितका तीव्र तितका हा भाग वाढत जाऊन १० टक्क्यांपर्यंत पोचत होता. एकेका थेरपिस्टच्या रुग्णांचं बरं होण्याचं प्रमाण २३.५ टक्क्यांपासून ९५.६ टक्क्यांपर्यंत पसरलेलं होतं. यातला काही भाग कोणाकडे किती कठीण रुग्ण आले याचा आहे, हे खरं. तरीही ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यासाठीच थेरपिस्टची निवड सर्वांत जास्त महत्त्वाची ठरते, आणि ती निवड करायला त्याच्या हाती कुठलीच माहिती नसते.

पदवी बघावी? अनुभव बघावा? सायमन गोल्डबर्ग यांच्या गटाने २०१६ साली १७० थेरपिस्टांचे ६,५९१ रुग्ण तपासले. प्रत्येक थेरपिस्टची सरासरी पाच वर्षांची माहिती त्यांच्यापाशी होती. अनुभव वाढत गेला तसे रुग्णांचे निकाल सुधारले नाहीत, उलट किंचित घसरले. उपचार मध्येच सोडून जाणारे तेवढे कमी झाले. पाठ्यक्रमाबरहुकूम काम करावं तर? क्रिस्टियन वेब आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ३६ अभ्यास पाहिले. थेरपिस्टने पद्धत किती काटेकोर पाळली आणि ती किती निपुणतेने राबवली, या दोहोंचा निकालाशी असलेला संबंध जवळपास शून्य निघाला. टिमथी अँडरसन यांना २००९ साली मात्र एक धागा गवसला. त्यांनी थेरपिस्टांना कठीण क्लायंटांच्या चित्रफिती दाखवल्या: कोणी चिडलेला, कोणी थेरपिस्टलाच तुच्छ लेखणारा, कोणी पार मिटून गेलेला. थेरपिस्टने त्या क्षणी काय उत्तर दिलं असतं ते ध्वनिमुद्रित करून तटस्थ परीक्षकांकडून गुण दिले. ज्यांना जास्त गुण मिळाले त्यांच्या खऱ्या क्लायंटांचे निकालही चांगले होते. समोरचा टोचून बोलत असताना बचावात न जाता, उबदार राहून, नेमकं बोलता येणं हे कौशल्य तपासता येतं. मग थेरपिस्टच्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेत आणि अंतिम परीक्षेत त्याला जागा का नसावी?

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग पद्धत कुठलीही चालते, प्रेमाने ऐकलं की झालं. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि थेरपीच्या नावाखाली वर्षानुवर्षं चालणाऱ्या दिशाहीन गप्पांना तो आधार देतो. इंटरनेटवर एक वर्तुळ सर्रास फिरतं: थेरपीच्या यशात ४० टक्के वाटा क्लायंटच्या आयुष्यातल्या गोष्टींचा, ३० टक्के नात्याचा, १५ टक्के आशेचा आणि १५ टक्के तंत्राचा. मायकेल लॅम्बर्ट यांनी १९९२ साली संशोधन वाचून काढलेला तो ढोबळ अंदाज होता, संख्याशास्त्रीय विश्लेषणातून आलेले ते आकडे नाहीत. त्यावरून तंत्र बिनमहत्त्वाचं ठरवणं अन्यायाचं आहे.

मंत्रचळाचं (ओसीडीचं) उदाहरण घ्या. हेलन ब्लेअर सिम्पसन आणि एडना फोआ यांच्या २००८ च्या चाचणीत औषध चालू असूनही त्रास उरलेल्या १०८ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ईआरपी दिली, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि विधी (उदाहरणार्थ, पुन्हा पुन्हा हात धुणं) रोखायचा. दुसऱ्या गटाला तणाव हाताळायचं प्रशिक्षण दिलं. दोन्हीकडे प्रशिक्षित थेरपिस्ट आणि दोन्हीकडे १७ सेशन. पहिल्या गटातल्या ७४ टक्के लोकांना ठरलेल्या निकषावर फायदा झाला, दुसऱ्या गटातल्या २२ टक्क्यांना. आस्था दोन्हीकडे होती, फरक पडला तो काय केलं यामुळे.

आणि तंत्र चुकतं ते बारकाव्यांत. हात धुण्याचा मंत्रचळ असलेल्या माणसाबरोबर आधी भीतीच्या प्रसंगांची उतरंड लावतात, प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० गुण. सुरुवात मधल्या प्रसंगापासून: दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. सेशन बहुधा ९० मिनिटांचं असतं, कारण अस्वस्थता टोकाला असताना सेशन संपलं तर घाई होते आणि घाईत माणूस सुटकेची वाट शोधतो. दर काही मिनिटांनी अस्वस्थतेचा आकडा विचारायचा. घरी रोज तोच सराव. बिघडतं कुठे? थेरपिस्ट कळवळून म्हणतो, 'घाबरू नका, काही होणार नाही.' ते वाक्य हात धुण्याचंच काम करतं. माणसाने खात्री मिळवली आणि अनिश्चिततेत राहायला शिकायची संधी गेली. किंवा थेरपिस्ट मन रमवायला दुसरा विषय काढतो. किंवा माणूस हात धूत नाही, पण मनातल्या मनात जप करतो आणि ते कुणी विचारत नाही. घरचे दिवसातून वीसदा 'स्वच्छ आहेत हात' असं सांगत राहतात. सर्वांत जास्त वेळा असं होतं की थेरपिस्टलाच क्लायंटची अस्वस्थता बघवत नाही आणि तो उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवरच रेंगाळतो. कागदावर ईआरपी लिहिलेली असते, खोलीत ती झालेली नसते. नाव बघून थेरपी निवडणाऱ्याची इथेही फसगत होते.

उलट टोकाची उदाहरणंही आहेत. नील जेकबसन यांनी १९९६ साली सीबीटीचे भाग सुटे करून पाहिले. नैराश्यात असलेल्यांना फक्त कृतीचा भाग दिला, म्हणजे दिवसाची आखणी आणि टाळलेली कामं ठरलेल्या वेळी करणं. विचारांवर काम करण्याचा भाग वगळला. निकाल पूर्ण सीबीटीच्या बरोबरीचा आला. म्हणजे पद्धतीतला कुठला भाग काम करतो, हे ती पद्धत घडवणाऱ्यांच्याही अंदाजाबाहेर असू शकतं. आणि काही उपाय दिसायला अतिशय माणुसकीचे असूनही उपयोगाचे नसतात. अपघातानंतर लगेच त्या प्रसंगाबद्दल सविस्तर बोलायला लावणारं एका बैठकीचं 'डीब्रीफिंग' घ्या. जोनाथन बिसन यांच्या १९९७ च्या चाचणीत भाजलेल्या रुग्णांपैकी ज्यांना ते दिलं त्यांच्यात १३ महिन्यांनंतर पीटीएसडीचं (आघातानंतर टिकून राहणाऱ्या ताणविकाराचं) प्रमाण २६ टक्के होतं, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात ९ टक्के. डीब्रीफिंगच्या गटातल्या जखमा सुरुवातीपासून काहीशा गंभीर होत्या, तेव्हा सगळा दोष त्या बैठकीला देता येत नाही. पण नंतरच्या आढाव्यांतही तिचा फायदा दिसला नाही. तरी अनेकांनी 'उपयोग झाला' असंच सांगितलं होतं. समाधान आणि सुधारणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि म्हणूनच फक्त 'कसं वाटतंय?' विचारून भागत नाही.

थेरपिस्टच्या अंदाजावरही भागत नाही. स्टीव्हन वॉल्फिश यांनी २०१२ साली १२९ मानसिक आरोग्य व्यावसायिकांना स्वतःचं मूल्यमापन करायला सांगितलं. एकानेही स्वतःला सरासरीहून खाली ठेवलं नाही. एक चतुर्थांश लोकांनी स्वतःला वरच्या १० टक्क्यांत बसवलं. कॉरिन हॅनन यांचा २००५ चा अभ्यास त्याहून बोलका आहे. थेरपिस्टांना ५५० क्लायंटांपैकी कोण बिघडेल ते सांगायचं होतं. साधारण ८ टक्के बिघडतात, हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. त्यांनी तिघांची नावं दिली. प्रत्यक्षात ४० जण बिघडले, आणि तिघांपैकी एकाचाच अंदाज खरा ठरला. हे निष्काळजी लोक नव्हते. रोज माणसांत बसणाऱ्याची आशा त्याची नजर झाकते, आणि क्लायंटही थेरपिस्टचं मन राखायला 'बरं आहे' म्हणतो.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांतल्या त्रासाला प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे दखल घेण्याजोगं नैराश्य. चिंतेसाठी जीएडी-७, एकूण ० ते २१. भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. सेशनच्या आधी भरायची आणि पहिल्या पाच मिनिटांत दोघांनी मिळून बघायची. एक-दोन गुणांच्या चढउताराने हुरळू नये आणि घाबरूही नये. इंग्लंडच्या सार्वजनिक मानसोपचार सेवेत पीएचक्यू-९ वर ६ आणि जीएडी-७ वर ४ गुणांचा बदल झाला तरच तो खरा धरतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याहून जास्त गुण आले तर त्याच सेशनमध्ये, स्पष्ट शब्दांत, त्याबद्दल विचारायचं. सोबत नात्याबद्दलचे चार प्रश्न सेशनच्या शेवटी: ऐकून घेतलं गेलं का, हव्या त्या विषयावर बोललो का, पद्धत पटली का, एकंदर सेशन कसं वाटलं.

समजा, पहिल्या आठवड्यात १८ गुण होते आणि सहाव्यालाही १७. इथे काय करायचं, यावरच सगळं अवलंबून आहे. केनेथ हॉवर्ड यांच्या १९८६ च्या विश्लेषणात ८ सेशनपर्यंत साधारण निम्मे लोक आणि २६ पर्यंत तीन चतुर्थांश लोक सुधारले होते, तेव्हा सहाव्या सेशनला आशा सोडायचं कारण नाही. पण तेच पुढे रेटायचंही कारण नाही. आधी ध्येय आणि कामं यांवर एकमत आहे का ते बघायचं. मग गृहपाठ खरंच होतोय का. मग निदान: थायरॉइड, दारू, बायपोलर (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार), पूर्वी कधी न विचारलेला आघात. मग आयुष्यातली परिस्थिती. घरात मारहाण चालू असेल तर विचारांचा तक्ता भरून काय होणार? त्यानंतर सेशनची वारंवारता, पद्धत, औषधाची जोड, आणि शेवटी थेरपिस्ट बदलणं.

प्रश्नावलीत जादू नाही, हेही सांगायला हवं. किम डे यॉंग आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली अशा मोजमापाचे ५८ अभ्यास एकत्र केले. लक्षणांवरचा सरासरी फायदा लहान निघाला. उपचार मध्येच सोडण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं. पुष्कळ ठिकाणी कागद भरला जातो, फाइलला लागतो आणि कुणी बघत नाही, मग त्याचा उपयोग कसा व्हावा? तरीही दोन-तीन मिनिटांच्या, फुकटात मिळणाऱ्या साधनाने एवढं साधत असेल तर ते न वापरण्याचं समर्थन मला सापडत नाही.

देशाच्या पातळीवर हे होऊ शकतं का? इंग्लंडमध्ये २००८ पासून सुरू झालेल्या सार्वजनिक मानसोपचार सेवेने ते करून दाखवलं. दर सेशनला मोजमाप सक्तीचं केल्यामुळे ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांचे निकाल हाती आले. फक्त सुरुवातीला आणि शेवटी मोजणाऱ्या इतर सेवांमध्ये ३८ टक्क्यांच्या आसपासच रुग्णांची पूर्ण माहिती मिळत असे. हरवणारे रुग्ण योगायोगाने हरवत नाहीत. डेव्हिड क्लार्क यांनी दाखवलं की ज्यांनी शेवटची प्रश्नावली भरली नाही त्यांच्यात सुधारणा जवळपास निम्मीच होती. फक्त टिकून राहिलेल्यांवरून स्वतःचं यश सांगणारी कुठलीही सेवा त्यामुळे स्वतःला फसवते. इंग्लंडमध्ये उपचार पुरा करणारे साधारण निम्मे लोक बरे झाल्याच्या निकषात बसले. केंद्राकेंद्रांतल्या फरकाची कारणंही या माहितीमुळे कळली: जिथे प्रतीक्षा कमी, सेशन पुरेशी, चुकलेल्या भेटी कमी आणि सुरुवातीलाच त्रासाचं नेमकं नाव ठरवलेलं, तिथे निकाल चांगले.

मोजमापाला विरोध करणाऱ्यांची एक भीती खरी आहे. आकड्यावर पगार किंवा अनुदान बांधलं की थेरपिस्ट सोपे रुग्ण निवडू लागतात आणि आकडे फुगवले जातात. म्हणून थेरपिस्टची तुलना करायचीच तर रुग्णांच्या सुरुवातीच्या तीव्रतेचा हिशेब करून, भरपूर रुग्णांच्या आधारे करावी, आणि आकडा आधी पर्यवेक्षणात, म्हणजे थेरपिस्टच्या कामावर दुसऱ्या जाणत्या थेरपिस्टने देखरेख आणि मार्गदर्शन करताना, वापरावा, शिक्षेसाठी नव्हे. 'माणसाचं दुःख नऊ प्रश्नांत मावत नाही' हा दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. ते मावत नाहीच. पण ज्याची झोप आणि भूक चार महिने तशीच बिघडलेली आहे त्याचं दुःख, काहीही न मोजता, आपल्याला समजलंय असं मानणंही त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

मोजमाप आणि पर्यवेक्षण भक्कम असेल तर पदवीची अटही सैल होऊ शकते, आणि थेरपिस्टांचा तुटवडा असलेल्या जगात ही गोष्ट लहान नाही. विक्रम पटेल यांच्या गटाच्या गोव्यातल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४९५ नैराश्यग्रस्त रुग्ण होते. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी त्यांतल्या अर्ध्यांना ६ ते ८ सेशनमध्ये कृतीवर भर देणारी थेरपी दिली. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्याच्या निकषाखाली आले होते. फक्त सुधारित नेहमीची काळजी मिळालेल्यांत ३९ टक्के. हे समुपदेशक एकमेकांच्या सेशनची ध्वनिमुद्रणं ऐकत आणि त्यांना गुण देत. मोठ्या पदव्या असलेले किती थेरपिस्ट आपलं ध्वनिमुद्रण दुसऱ्याला ऐकवतात? परवाना नूतनीकरणासाठी कार्यशाळांचे तास मोजण्याऐवजी वर्षातून काही ध्वनिमुद्रणं, क्लायंटच्या परवानगीने, तटस्थ परीक्षकाने ऐकावीत, असा नियम व्यावसायिक परिषदांनी केला तर त्याला अँडरसन यांच्या निष्कर्षांचा आधार असेल.

उपचार घेणाऱ्याने नियमांची वाट बघायची गरज नाही. पहिल्याच भेटीत विचारावं: माझ्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, त्यावर नेमकं काय करणार, आणि फरक पडतोय हे आपल्याला कशावरून कळणार? तिसऱ्या प्रश्नावर 'तुम्हालाच आतून जाणवेल' एवढंच उत्तर आलं तर प्रश्नावली आपणच सुचवावी. थेरपिस्ट नाराज झाला तर ते आपल्या निर्णयाच्या कामी येतं. सहा ते आठ सेशननंतर आकडा हलला नसेल तर तो विषय आपण काढावा. चांगला थेरपिस्ट त्याने दुखावत नाही, उलट कामाला लागतो. आणि तरीही काही बदललं नाही तर दुसऱ्याकडे जावं. जाताना आपले सगळे गुण, तारखा आणि काय करून पाहिलं याची एक पानभर नोंद सोबत न्यावी, म्हणजे नव्या थेरपिस्टला तिथून पुढे सुरुवात करता येते.